दोन सिलिंडर, एक पट्टा: जुनी फियाट ५०० उभी करताना

फियाट ५०० या छोट्या इटालियन मोटारीचं इंजिन बाहेर काढायला क्रेन लागत नाही. मागचं झाकण उतरवायचं, इंजिनाला मागून आधार देणारा आडवा तुकडा बोल्ट सोडून काढायचा, खाली जॅक लावायचा, गियरबॉक्सपाशी धरणारे नट मोकळे करायचे आणि इंजिन सरळ मागे ओढायचं. दोघांनी मिळून ते टेबलावर उचलून ठेवता येतं. माझ्याकडे आलेली गाडी १९६८ सालची, 'एफ' मॉडेल, बराच काळ एका जागी उभी राहिलेली. इंजिन टेबलावर आलं, मी चारही बाजूंनी ते न्याहाळलं आणि तेव्हा खात्री पटली की हे काम आपल्या आवाक्यातलं आहे.

छोट्या जुन्या मोटारी बहुतेकांना गोंडस वाटतात, आणि त्या आहेतच गोंडस. गोल दिवे, आखूड नाक, टोपीएवढं छत. मलाही आधी त्या रूपानेच ओढलं. पण गाडी पूर्ण सुटी करून पुन्हा जोडल्यावर माझं प्रेम दुसऱ्याच गोष्टीवर जडलं. या मोटारींत एकेका भागाला दोन-दोन, तीन-तीन कामांना जुंपलेलं असतं. वजन वाचवायचं, पोलाद वाचवायचं, पैसा वाचवायचा, म्हणून आखणाऱ्यांनी प्रत्येक भागाला विचारलेलं दिसतं की तू अजून काय करू शकतोस? हे एकदा कळलं की दुरुस्तीची रीतच बदलते. बिघाड एकीकडे असतो आणि त्याची खूण भलतीकडेच उमटते.

ही गाडी १९५७ साली आली. आखणी दांते जियाकोसा यांची. पहिलं इंजिन ४७९ सीसीचं, १३ अश्वशक्तीचं, हवेने थंड होणारं, मागे बसवलेलं. लांबी २.९७ मीटर. स्कूटरवर फिरणाऱ्या कुटुंबाला चार चाकं आणि डोक्यावर छप्पर द्यायचं, ही तिच्यामागची निकड. 'एफ' १९६५ पासूनची. तिची दारं पुढच्या बाजूला बिजागरी असलेली, इंजिन ४९९ सीसीचं आणि ताकद १८ अश्वशक्ती.

कामाला सुरुवात मात्र पत्र्यापासून करावी लागते. पुढचं झाकण उघडलं की पेट्रोलची टाकी, बॅटरी आणि जादा चाक एकमेकांना खेटून बसलेले दिसतात. बॅटरीच्या ॲसिडने खालचा पत्रा खाल्लेला होता. पायांखालची जमीन, म्हणजे गाडीच्या तळाचा पत्रा, दोन्ही बाजूंनी गंजून गेलेली होती आणि दाराखालच्या पोकळ पेट्या बोटाने दाबल्या तरी आत जात होत्या. पण खरी काळजी होती ती पुढच्या पाट्याची, म्हणजे लीफ स्प्रिंगची. या गाडीत पुढे एकच आडवा पाटा आहे, एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत. तो स्प्रिंगचं काम करतोच, शिवाय दोन्ही चाकांना खालून धरणारा हातही तोच. बॉडीला तो दोन ठिकाणी पकडलेला असल्यामुळे वळणावर गाडी फार कलू न देण्याचं कामही थोडंफार करतो. आता तीन कामं करणारा भाग जिथे बॉडीला पकडलेला आहे, तिथलाच पत्रा गंजला तर चाकं जागेवर राहणार कशी? म्हणून सगळ्यात आधी ती जागा घासून उघडी केली. सुदैवाने गंज वरवरचा होता. बाकी जमीन आणि पेट्या कापून नवे तुकडे बसवले. या गाडीचे पत्र्याचे भाग आजही नव्याने बनतात, ही मोठी सोय आहे. वेल्डिंगच्या वेळी दारं लावलेलीच ठेवली आणि आतून आडवे दांडे टाकले. छताचा पुढचा भाग कापडी असल्यामुळे वरून आधार कमी. पेट्या कापल्यावर सांगाडा वाकला तर पुढे दार कधीच नीट लागत नाही.

कापडी छताचंही तेच. मोकळ्या हवेची मौज म्हणून आपण त्याच्याकडे बघतो, पण ते लावलं गेलं त्याला दुसरी कारणं होती. पोलाद कमी लागतं आणि दोन सिलिंडरच्या इंजिनाची घरघर पत्र्याच्या छताखाली घुमते तशी कापडाखाली घुमत नाही. पहिल्या मॉडेलचं कापड तर थेट मागच्या टोकापर्यंत गुंडाळलं जायचं.

ब्रेकबद्दल सांगण्यासारखं फार नाही. चारही चाकांना ड्रम आहेत. आतले सिलिंडर, नळ्या, शू, सगळं नवीन घातलं, हवा काढली, झालं. जुन्या गाडीत ब्रेकच्या बाबतीत 'चालेल' हा शब्द वापरू नये.

आता इंजिन. दोन ओतीव लोखंडी सिलिंडर, प्रत्येक सुटा, बाहेरून पंख्यासारख्या पातळ कडा. वर दोघांना मिळून एक ॲल्युमिनियमचं हेड. दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर जातात आणि एकाच वेळी खाली येतात. एक दाब देत असतो तेव्हा दुसरा जळका धूर बाहेर टाकत असतो. हेड उतरवून त्यावर सरळ पट्टी धरली तर मधोमध उजेड दिसला. हेड वाकलं होतं. ते लेथवाल्या काकांकडे नेलं. त्यांनी हातात घेऊन उलटसुलट केलं आणि विचारलं, "ताई, मोटरसायकलचं का हे?"

"नाही काका, मोटारीचं आहे. चार माणसं बसतात."

त्यांनी ते पुन्हा एकदा वजन केल्यासारखं तोललं, काहीच बोलले नाहीत आणि इतक्या निगुतीने सपाट तासून दिलं की गॅस्केट ठेवल्यावर कुठेही फट राहिली नाही.

हेड सरळ झालं, पण ते वाकलं का, हे कळल्याशिवाय इंजिन जोडण्यात अर्थ नव्हता. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घातला आणि या गाडीची खरी ओळखही मला इथेच झाली. मागच्या काचेखाली पत्र्याला जाळीसारख्या फटी आहेत. त्यातून बाहेरची हवा आत येते, घडीदार रबरी नळीतून पंख्याच्या डब्यात जाते, पंखा ती सिलिंडरांवर ढकलतो आणि चहूबाजूंचे पत्रे तिला नेमक्या वाटेने फिरवून बाहेर काढतात. पाणी नाही, रेडिएटर नाही; थंडावा आहे तो एवढ्या वाऱ्याचाच. माझ्या गाडीत ती रबरी नळी एका बाजूने फाटली होती आणि आधी कोणीतरी इंजिन उघडून जोडताना एक पत्रा परत बसवलाच नव्हता. दिसायला तो अगदी फालतू तुकडा. पण तो नसला आणि नळी फाटकी असली की पंखा बाहेरच्या गार हवेऐवजी इंजिनच्याच कोठडीतली तापलेली हवा पुन्हा पुन्हा ओढत राहतो. हेड वाकलं ते त्यामुळे. नवी नळी आणली, पत्रा मिळवला, सगळ्या कडांची रबरं बदलली. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात पत्रे ही सजावट नव्हे. पाण्याच्या गाडीत रेडिएटरला जेवढं जपतो तेवढंच इथे त्यांना जपायचं.

तीच तापलेली हवा पुढे हीटरचंही काम करते. झडप उघडली की सिलिंडरांना स्पर्शून आलेली हवा गाडीच्या मधल्या पोकळ बोगद्यातून पुढे पायांपाशी येते. त्यामुळे इंजिनाला तेलाची गळती लागली की पहिली खबर नाकाला मिळते. पुश रॉडच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या, नळ्यांची रबरं कडक झाली, तेल सिलिंडरवर ठिबकलं, की हीटर उघडल्याबरोबर जळक्या तेलाचा वास आत येतो. ती रबरं मी दोन्ही टोकांना नवी घातली. इथे गॅस्केटची गळती कधीच अंगावर काढू नये, कारण श्वास घेतो ती हवा इंजिनावरूनच आलेली असते.

मग पट्टा. इंजिनाच्या पुलीवरून एकच पट्टा डायनॅमोकडे जातो आणि त्याच डायनॅमोच्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाला पंखा आहे. म्हणजे वीज आणि थंडावा, दोन्ही एका दांड्यावर. डॅशबोर्डवर तापमानाचा काटा नाही. पेट्रोलचाही काटा नाही, फक्त टाकी तळाला आल्याचा दिवा. पण चार्जिंगचा लाल दिवा चालता चालता लागला तर अर्थ एवढाच नसतो की बॅटरी भरत नाही. पट्टा तुटला किंवा सुटला असेल तर पंखाही थांबला. लगेच कडेला घेऊन इंजिन बंद. दुसऱ्या एखाद्या गाडीत हा दिवा लागला तर कदाचित घरापर्यंत जाता येईल. इथे तसं करायचं नाही.

पट्ट्याचा ताण लावायची तऱ्हा तर मला इतकी आवडली की कारण नसताना मी ती भेटेल त्याला समजावते. डायनॅमो सरकवायचा नसतो. त्याची पुली दोन चकत्यांची आहे आणि त्या चकत्यांमध्ये पातळ वॉशर आहेत. पट्टा सैल झाला की तीन नट सोडायचे, मधला एक वॉशर काढायचा. चकत्या जवळ येतात, खाच अरुंद होते, पट्टा वर चढतो आणि आपोआप ताणला जातो. काढलेला वॉशर फेकायचा नाही; तो बाहेरच्या बाजूला नटाखाली घालून ठेवायचा. नवा पट्टा घातला की तोच परत मध्ये. सुटा भाग जपून ठेवायची जागाही पुलीच!

आणि खालची मोठी पुली? तीही नुसती पुली नाही. तिच्या पोटात तेल फिरतं. पुली वेगाने फिरते, तेलातला जड मळ बाहेरच्या कडेला फेकला जातो आणि तिथेच चिकटून बसतो. तेलाचा फिल्टर तो हाच. बदलायचा कागदी डबा नाही. पुलीचं झाकण उघडलं तेव्हा आत कडेने काजळासारखा काळा, गुळगुळीत थर चढलेला होता. लाकडाच्या पट्टीने तो खरवडून काढताना त्यात चमकणारे कण दिसतात का, हे मी उजेडात धरून पाहिलं. बेअरिंगचा चुरा असता तर तो इथेच सापडला असता. नव्हता. त्या खरवडीने मला इंजिनाच्या खालच्या अर्ध्या भागाची हमी दिली आणि क्रँक बाहेर न काढताच पुढे जाता आलं.

टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यामधली, फट थंड इंजिनावर ०.१५ मिलिमीटर. फिलर गेजचं पातं फटीतून ओढताना किंचित धरल्यासारखं वाटलं पाहिजे. अडकायला नको आणि नुसतं सरकायलाही नको. ही जाणीव बोटांना एकदा आली की विसरत नाही. ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट घासण्यापेक्षा नवे बसवले, अर्धा मिलिमीटर फट ठेवली, टायमिंग लावलं, कार्ब्युरेटर उघडून जेट फुंकून साफ केला.

गाडी सुरू करायचं बटण नाही. गियरच्या दांडीमागे जमिनीवर दोन छोटे खटके आहेत, एक चोकचा, एक स्टार्टरचा. स्टार्टरचा खटका हाताने वर ओढला की त्याची तार स्टार्टरचा दातेरी गोळा चाकात अडकवते आणि विजेचा जोडही तीच तार करते. म्हणजे आपण प्रत्यक्ष हाताने इंजिन पकडतो. इंजिन लागलं तेव्हा सगळी गाडी डोलत होती. दोन्ही पिस्टन एकदम वरखाली होणार म्हटल्यावर हादरा येणारच; त्यासाठीच इंजिनाला मागून स्प्रिंगवर टेकवलेलं आहे. वेग वाढवला की तो हादरा विरतो आणि उरतो तो एक भरदार, आनंदी आवाज. त्या आवाजासाठी मी कितीही बोटं काळी करायला तयार आहे.

गाडी चालू झाली म्हणजे चालवता आली असं मात्र नव्हे. या गियरबॉक्समध्ये सिंक्रोमेश नाही. आजच्या गाडीत गियर पडण्याआधी आतली कडी दोन्ही बाजूंचा वेग जुळवून देते. ते काम इथे चालवणाऱ्याच्या कानाला आणि पायाला दिलेलं आहे. वरचा गियर टाकताना क्लच दाबायचा, न्यूट्रल, क्लच सोडायचा, क्षणभर थांबायचं, पुन्हा क्लच, मग गियर. खालचा टाकताना न्यूट्रलला क्लच सोडून थोडी रेस द्यायची, मग पुन्हा क्लच आणि गियर. ट्रक चालवणारे ज्याला डबल क्लच म्हणतात तेच. मोकळ्या सपाट जागेवर सराव केला. वरचे गियर लवकर जमले, कारण थांबणं सोपं असतं. तिसऱ्यातून दुसऱ्यावर येणं अवघड. रेस कमी पडली की दाते करकरतात, जास्त झाली तरी करकरतात. नेमकी पडली तर दांडी दोन बोटांनी आत जाते, आवाजसुद्धा येत नाही. एकदा ते जमलं की मग सिंक्रोमेश असलेल्या गाडीतही मी तसेच गियर टाकायला लागले आणि तिथेही ते जास्त सुरेख पडतात.

पुढे जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्याला गेले तेव्हा डोळे याच गोष्टी शोधत होते. मैत्रिणीची बीएमडब्ल्यू इसेटा तिथे होती. ही मूळची इटलीच्या इसो कंपनीची, फ्रिज आणि स्कूटर बनवणाऱ्यांची, १९५३ ची. बीएमडब्ल्यूने परवाना घेतला, १९५५ पासून आपलं मोटरसायकलचं एका सिलिंडरचं इंजिन घातलं आणि १९६२ पर्यंत १ लाख ६० हजारांहून जास्त गाड्या विकल्या. तिचं अख्खं तोंडच दार आहे. मी आत बसले आणि उतरताना स्टिअरिंगला धरून उठू लागले, तशी मैत्रीण म्हणाली, "अगं, त्याला धरू नकोस, दार ढकल नुसतं. ते दाराबरोबरच जाईल." खरंच, स्टिअरिंगचा दांडा खाली सांध्यावर मुडपला आणि दाराबरोबर बाजूला झाला. मागची दोन चाकं इतकी जवळजवळ, अर्ध्या मीटरच्या आसपास, की वळताना दोघांच्या वेगात फारसा फरक पडत नाही. म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियलच घातलेलं नाही. एक जड, महाग भाग चाकं जवळ आणून गायब केला.

शेजारी मेसरश्मिट केआर २०० होती. युद्धानंतर जर्मनीत विमानं बनवायला बंदी आली, कारखाना रिकामा पडला, आणि फ्रित्झ फेंड हे अपंगांसाठी तीन चाकी गाड्या बनवत होते, त्यांची कल्पना तिथे रुजली. १९५५ ची ही गाडी. दोघं एकामागे एक बसतात, वरून पारदर्शक घुमट बाजूला उलटतो. इंजिन १९१ सीसीचं टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोक इंजिन उलटंही फिरतं, म्हणून रिव्हर्स गियर ठेवलाच नाही. इंजिन बंद करायचं आणि उलट्या दिशेने सुरू करायचं. मालकाने करून दाखवलं. चारही गियर मागे जायला मिळतात. पील पी ५० मध्ये याच्याही पुढे जाऊन रिव्हर्सचं काम माणसाकडेच दिलं होतं. १९६२ ची, आयल ऑफ मॅनमध्ये बनलेली, ४९ सीसीची, लांबी फक्त १३७ सेंटिमीटर. मागे एक कडी आहे. उतरायचं, कडीला धरून उचलायचं आणि फिरवायचं.

१९५६ च्या सुएझ कालव्याच्या संकटात पेट्रोलची टंचाई झाली आणि या बबल कारना, म्हणजे बुडबुड्यासारख्या दिसणाऱ्या चिमुकल्या मोटारींना, युरोपात चांगले दिवस आले. ते फार टिकले नाहीत. फियाट ५०० आणि १९५९ ची मिनी यांच्यासारख्या चार जणांच्या पूर्ण मोटारी आवाक्यात आल्यावर लोक तिकडे वळले, आणि ते साहजिकच होतं. जपानमध्ये मात्र नियमानेच छोट्या मोटारीला घर दिलं: ३६० सीसी, ३ मीटर लांबी, १.३ मीटर रुंदी. १९५८ ची सुबारू ३६० त्या चौकटीत चार माणसं बसवते आणि छत फायबरग्लासचं करून वजन वाचवते. चौकट पुढे वाढत ६६० सीसीपर्यंत गेली, पण तो वर्ग आजही जिवंत आहे. मला हे फार मोलाचं वाटतं. मोटारी दर पिढीला फुगत चालल्या आहेत, आणि एका माणसाला एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायला दीड-दोन टन पोलाद हलवणं हे मला तरी पटत नाही.

याचा अर्थ ५०० मध्ये सगळं छान आहे असं नाही. पेट्रोलची टाकी गुडघ्यांच्या पुढे आहे. धडक झाली तर मध्ये चुरगळायला काही नाही. जलद महामार्गावर ताशी ९५ किलोमीटरच्या कमाल वेगाने मोठ्या गाड्यांच्या मध्ये अडकणं धोक्याचं आहे, मी तिकडे तिला नेत नाही. पण आतल्या, वळणावळणाच्या रस्त्यावर १८ अश्वशक्ती पुरून उरते. चढ दिसला की आधीच वेग धरावा लागतो, पायथ्याशी तिसरा पडलेला हवा, वळणावर ब्रेक न लावता रेषा धरायची. ५० चा वेग असतो आणि तरी डोळे, कान, हात, पाय सगळे कामाला लागलेले असतात. ताकदवान गाडीत ही मजा मिळेपर्यंत वेग मर्यादेच्या पार गेलेला असतो.

कोणाला अशी गाडी घ्यायची असेल तर रंग आणि इंजिनाचा आवाज यांच्या मोहात पडू नये. आधी पुढचं झाकण उघडून बॅटरीखालचा पत्रा आणि आडव्या पाट्याची पकड पाहावी, मग खाली वाकून जमीन. इंजिनाचं सगळं मिळतं आणि घरच्या घरी होतं. मागे उभं राहून पंख्याची रबरी नळी आणि पत्रे जागेवर आहेत का ते बघावं. नसतील तर हेड वाकलेलं धरूनच भाव करावा. नव्याने बनणारी रबरं सारख्या दर्जाची नसतात, काही थोड्याच काळात चिरतात, तेव्हा जुनी चांगली असतील तर ती उगाच बदलू नयेत. पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिनना ग्रीस मिळालेलं आहे का, हे चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवून कळतं. गियरबॉक्स मात्र चालवूनच तपासावा. उतारावर दुसऱ्यात आणि मग तिसऱ्यात असताना ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम उचलावा. दांडी आपोआप न्यूट्रलला उडाली, तर आतले दाते झिजले आहेत.